गादीखालचा हादरा

वायरमन: झालं, ताई. काका पहिल्याच हादऱ्याला उठून बसले. आता बाहेरच्या खोलीतला दिवा तेवढा तपासतो, की माझं काम संपलं.

लेक: संपवायची घाई करू नका, दादा. बाबा, डावा कान दाखवा.

बाबा: कान काय बघायचाय? जन्मापासून आहे तिथेच आहे.

लेक: केस बाजूला करा.

बाबा: आत्ता झोपेतून उठलोय मी. चूळ तरी भरू दे.

लेक: चूळ झोपून उठलेला माणूस भरतो. तुम्ही झोपला कुठे होतात? डबीत कानाचं एकच मशीन आहे. दुसरं कुठाय?

बाबा: असेल उशीखाली.

लेक: उशीखाली नाही, कानात आहे. बघा दादा, हे बघा. कानातलं मशीन तसंच ठेवून, वरून केस ओढून, डोळे मिटून पडले होते. तुम्ही मला विचारलंत, “ताई, दाबू का बटण?” ते ह्यांनी ऐकलं आणि ताडकन उठून बसले.

वायरमन: तरी मी म्हटलं, गादी नीट हलायच्या आधीच काका कसे उठले.

बाबा: मिस्त्री, तुम्ही विचारून बटण दाबता. आग विचारून लागते का?

लेक: घ्या. चोराच्या उलट्या बोंबा.

बाबा: बरं, केली लबाडी. पण कॅप्टन, घर तू पणाला लावलंस. उठलो तर मी इथे राहणार. नाही उठलो तर आजच्या आज तुझ्या गाडीत बसून तुझ्या घरी, कायमचा. असा डाव मांडल्यावर माणूस एखादं पान लपवणारच.

लेक: मला फसवाल हो. मुलगी आहे, फसेन. धूर फसणार आहे का?

वायरमन: ताईंचं बरोबर आहे, काका. काय आहे ना, हा सगळा खटाटोप तुम्ही मशीन काढून झोपता त्या वेळेसाठीच आहे. कान बंद, पापण्या मिटलेल्या. मग वर नुसता दिवा लखलखून काय उपयोग? माणसाला हलवूनच उठवायला हवं. म्हणून गादीखाली ही चकती. स्वयंपाकघरात धूर झाला की तिथला अलार्म हिला कळवतो आणि ही गादी हलवते.

बाबा: ते समजलं मला. सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनखोलीत काढली. यंत्र कसं चालतं ते मला सांगावं लागत नाही.

लेक: कानही त्याच खोलीत ठेवून आलात.

बाबा: कान ठेवून आलो, अक्कल बरोबर आणली. आता खरोखर झोपतो, मग तर झालं?

वायरमन: पण लगेच झोप लागेल का, काका? मी थांबतो, मला घाई नाही.

बाबा: जहाजावरच्या माणसाला झोपेची मनधरणी करावी लागत नाही. पाळी संपली, बंकवर अंग टाकलं, की झोप. पुढची पाळी काही “झोप झाली का” म्हणून विचारायला येत नाही. हे घे, कॅप्टन. हे डावं, हे उजवं. दोन्ही तुझ्या मुठीत. आता मला काही ऐकू येणार नाही, तेव्हा माझी निंदा पोटभर करून घ्या.

(बाबा भिंतीकडे तोंड करून आडवे होतात. थोड्या वेळाने घोरू लागतात.)

वायरमन: लागली की हो खरंच. ताई, आपण बाहेर थांबू या का?

लेक: कुजबुजता कशाला? मोठ्याने बोला. इथे ढोल बडवलात तरी ते उठायचे नाहीत. तेच तर दुखणं आहे.

वायरमन: सवय हो. झोपलेल्या माणसाजवळ आवाज आपोआप खाली येतो. काका एकटेच राहतात?

लेक: आई गेल्यापासून. आई होती तोवर तीच ह्यांचे कान. दारावरची बेल, फोन, उतू जाणारं दूध, सगळं ती ऐकायची आणि ह्यांच्या खांद्यावर थाप मारायची. बेलला एक थाप, फोनला दोन. आमच्या घरात हाका नव्हत्याच, थापा होत्या.

वायरमन: आणि ती आग लागली तेव्हा...

लेक: आग नव्हे, धूर. पण दरवाजा फुटला तो फुटलाच. दुपारी बटाटे उकडायला ठेवले आणि जरा पाठ टेकतो म्हणून आडवे झाले. पाणी आटलं, बटाट्यांचा कोळसा झाला. मी स्वतः मोठ्या हौसेने एक साधा अलार्म आणून लावला होता. तो ऊर फुटेस्तोवर ओरडला. समोरच्या बाईंना ऐकू आला, वरच्या मजल्यावर ऐकू आला, रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली. ज्यांच्यासाठी लावला ते एकटे सोडून अख्ख्या गल्लीला ऐकू गेला.

वायरमन: त्यात काकांचा दोष नाही. त्या अलार्मचा आवाज बारीक असतो, चिरका. कान उतरायला लागले की आधी तसलेच आवाज जातात. काकांच्या लेखी तो अलार्म मुकाच.

लेक: म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मीच शहाणी. शेवटी शेजारच्या चौघांनी दरवाजा फोडला. खोलीत धूर, पलंगाभोवती चार माणसं, त्यातल्या एकाने खांद्याला गदागदा हलवलं तेव्हा कुठे ह्यांनी डोळे उघडले. आणि पहिलं वाक्य काय, तर “बसा, चहा टाकतो.”

वायरमन: हसू नये, पण...

लेक: हसा. मीही सगळ्यांना हसतहसतच सांगते. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागत नाही. फोन उशाशी घेऊन पडते. वाजला तरी धडकी, नाही वाजला तरी धडकी. उजाडताना ह्यांचा “उठलो” असा निरोप येतो, तेव्हा मला झोप यायला लागते, आणि तेवढ्यात मुलांची शाळेची वेळ होते.

वायरमन: मग घेऊनच का जात नाही? माझं काम जाईल म्हणा, पण विचारतो.

लेक: नेलं होतं. दरवाजा दुरुस्त होईपर्यंत आमच्याकडेच होते. सगळे ह्यांच्याशी ओरडून बोलायचे आणि मग आपापसात हळू बोलायचे. नवरा, मुलं, मीसुद्धा. चांगली माणसं आहेत हो घरातली, कुणी वाईट वागलं नाही. पण एकदा जेवताना आम्ही कशावरून तरी खो-खो हसलो, आणि हेही हसले. कशावर हसलो ते ह्यांना कळलं नव्हतं. आमची तोंडं बघून हसले. मला ते बघवलं नाही. इथे ते एकटे असतात, पण असं उसनं हसत नाहीत.

वायरमन: म्हणजे तुम्हालाही ते इथेच राहायला हवेत.

लेक: मला ते जिवंत हवेत. बाकी सगळं त्यानंतर. दाबा बटण. विचारू नका, नुसतं दाबा.

वायरमन: दाबलं. दिवा लागला बघा. त्याच्याकडे थेट बघू नका, डोळ्यांपुढे अंधारी येते.

लेक: त्यांचं तोंड भिंतीकडे आहे.

वायरमन: असू दे. खरं काम चकतीचं. गादीवर हात ठेवून बघा. कळतंय?

लेक: कळतंय की. पलंगाचा पायसुद्धा थरथरतोय. बाबा, उठा ना.

वायरमन: त्यांना हात लावू नका हं, ताई. नाहीतर तुम्ही उठवलंत की चकतीने, ते कळायचं नाही.

लेक: घोरणं थांबलं.

वायरमन: उठतायत.

लेक: नाही. कुशीवर वळले. पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

वायरमन: जोर वाढवतो. पार वर नेतो. हं. आता टेबलावरची डबीसुद्धा सरकायला लागली.

लेक: दादा, ते हसतायत.

वायरमन: कोण?

लेक: बाबा. झोपेत हसतायत. आई गेल्यापासून इतकं गाढ झोपलेलं मी त्यांना पाहिलं नाही.

वायरमन: मी ही यंत्रं किती घरांत लावली असतील. माणसं दचकतात, शिव्या घालतात. एका आजींनी तर मला उशी फेकून मारली. पण हसलेलं मी आजवर कुणाला बघितलं नव्हतं.

लेक: बंद करा.

वायरमन: अजून थोडं थांबून बघू या?

लेक: आग थांबते का थोडं? बंद करा म्हणते ना. मला वाटलं होतं, संध्याकाळी एकटीच गाडी चालवत घरी जाईन आणि रात्री झोपेन. नाही जमायचं ते. ह्यांना तिथे नेऊन आमच्या तोंडांकडे बघत बसवायचं, एवढंच आता माझ्या हातात आहे. करा बंद.

वायरमन: केलं.

बाबा: काय झालं? कुणी थांबवलं?

वायरमन: ताई, उठून बसले की हो.

लेक: आत्ता? बंद केल्यावर?

बाबा: इंजिन का थांबलं? काय गं, तोंड असं का केलंयस? थांब, मशीन दे इकडे. हं. बोल आता.

लेक: तुम्ही उठला नाहीत, बाबा.

बाबा: हा काय, बसलोय समोर.

लेक: चकती चालू होती तेव्हा नाही उठलात. दिवा लखलखत होता, पलंग थरथरत होता, आणि तुम्ही पांघरूण ओढून हसत होतात. दादांनी बंद केलं, तेव्हा उठलात.

बाबा: अस्सं.

लेक: हो, अस्सं.

बाबा: झोप मात्र छान लागली होती. कुठे निघालो होतो ते आठवत नाही, पण निघालो होतो, आणि सगळं सुरळीत चाललं होतं.

लेक: बाबा.

बाबा: नाही, शब्द म्हणजे शब्द. मघाशी लबाडी केली, ह्या वेळी केली नाही. हरलो. कपाट उघड, चार कपडे भरून घेतो. कुंड्यांना पाणी घालायला समोरच्या बाईंना सांगावं लागेल. मिस्त्री, तुमचा दिवस फुकट गेला. निदान चहा घेऊन जा.

वायरमन: यंत्रात खोट नाही हो, काका. मला वाईट वाटतंय. पार वरच्या जोरावर नेलं होतं, एक क्षण खंड पडू दिला नाही. सारखं चालू ठेवलं होतं.

लेक: थांबा जरा. बाबा, कपाट सोडा, इकडे बसा. तुम्ही उठलात कशाने?

बाबा: थांबलं म्हणून उठलो.

लेक: नीट सांगा.

बाबा: त्यात नीट काय सांगायचं? जहाजावर इंजिन चालू असलं की बंक हलतो, भिंत हलते, तोंडातले दात हलतात. त्यातच झोप लागते. हलतंय म्हणजे ठीक आहे. थांबलं, की जहाजावरचा झाडून सगळा माणूस जागा. भर समुद्रात इंजिन थांबण्याएवढं वाईट काही नाही. मेलेला इंजिनवालासुद्धा उठून बसेल.

लेक: आईचं शिवणयंत्र.

बाबा: त्याचं काय मध्येच?

लेक: आई ते पलंगाला अगदी चिकटवून ठेवायची. तुम्ही सुट्टीवर घरी आलात की तुम्हाला झोप यायची नाही. जमीन हलत नाही म्हणायचात. मग ती दुपारभर यंत्रावर बसायची. शिवायला काही नसलं तरी. चिंधीला चिंधी जोडत राहायची. मी विचारलं होतं तिला, आई, हे काय शिवतेस? म्हणाली, तुझ्या बाबांची झोप.

बाबा: हे मला कधी बोलली नाही.

लेक: बोलणार कधी? तुम्ही झोपलेले असायचात. आणि तिचा पाय थांबला, दोरा जरी तुटला, की तुम्ही उठून विचारायचात, “काय झालं?” वैतागायची ती. म्हणायची, ह्या माणसाची तऱ्हाच उलटी, हलवलं की झोपतो आणि सोडलं की उठतो.

बाबा: मला वाटायचं तिला शिवणाची फार हौस आहे.

लेक: हौस कसली? तिला शिवणाचा मनापासून कंटाळा होता.

बाबा: मी तिला नवीन यंत्र आणून दिलं होतं. पार परक्या बंदरातून, खांद्यावर वाहून.

लेक: त्या दिवशी ती स्वयंपाकघरात जाऊन काय बोलली, ते तुम्हाला ऐकू आलं नाही हे बरंच झालं.

बाबा: काय बोलली?

लेक: जाऊ द्या. मग बराच वेळ हसत होती, एवढं सांगते.

बाबा: दुपार दुपार बसायची बिचारी. मी उठून वर तिलाच म्हणायचो, किती खडखड करतेस.

वायरमन: मी एक बोलू का, ताई? मघापासून जीभ वळवळतेय.

लेक: बोला.

वायरमन: ह्या चकतीला दोन चाली आहेत. एक सलग, आणि एक थांबून थांबून. म्हणजे हादरा, मग गप्प, पुन्हा हादरा, पुन्हा गप्प. नवीन येते ती थांबून थांबूनच चालते. सकाळी तुम्ही म्हणालात की काका ढाराढूर झोपतात, म्हणून मीच ती सलग करून ठेवली. म्हटलं, मध्ये खंड कशाला? एकदा धरलं की सोडायचंच नाही.

लेक: म्हणजे आपण दोघांनी मिळून त्यांना जोजवलं.

वायरमन: तसंच झालं म्हणायचं.

बाबा: मिस्त्री, मान खाली घालू नका. जगातला कुठलाही माणूस हलवलं की उठतो, ह्या हिशेबाने तुम्ही चाललात. हिशेब बरोबर होता, गिऱ्हाईक वाकडं निघालं.

लेक: चाल बदला, दादा. बाबा, पुन्हा झोपा.

बाबा: मी हरलोय ना पण?

लेक: कॅप्टन कोण?

बाबा: तू.

लेक: मग झोपा.

बाबा: असा हुकूम उभ्या नोकरीत एकदाही मिळाला नाही. घे मशीन. दोन्ही घे. पण ह्या वेळी जरा वेळ लागेल हं. डोक्यात तुझी आई येऊन बसलीय.

वायरमन: लागली का झोप?

लेक: अजून नाही. डोळे मिटलेत, पण घोरत नाहीत. खांदा बघा कसा ताठ आहे. झोपले की तो सैल पडतो.

वायरमन: थांबू. मला आज दुसरीकडे जायचं नाही. ताई, ह्या वेळीही नाही उठले तर?

लेक: तर नेईन. रडत नेईन, पण नेईन. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवीन, की ह्यांच्याकडे तोंड करून बोलल्याशिवाय कुणी हसायचं नाही.

वायरमन: आणि उठले तर?

लेक: ते आत्ता नका विचारू. चांगलं बोलायची भीती वाटते. बघा, खांदा पडला.

वायरमन: घोरतायतही. बटण तुम्ही दाबता का?

लेक: द्या इकडे. दाबलं.

वायरमन: हा पहिला हादरा.

लेक: पांघरूण ओढलं. पुन्हा तेच करतायत, दादा.

वायरमन: थांबा, ताई. आता चकती थांबेल. थांबली.

बाबा: काय झालं?

लेक: उठले.

वायरमन: उठले. एकाच हादऱ्यात. ताई, काका निघाले. चपला न घालताच निघाले.

लेक: अडवू नका. कुठे जातात ते बघू दे.

वायरमन: स्वयंपाकघराच्या दारातून आत डोकावले. शेगडी बघितली. आता बाहेरच्या दाराकडे. कडी काढली. गेले बाहेर.

लेक: समोरच्या बाईंची बेल वाजवतायत. त्यांनाही बाहेर काढणार बहुतेक.

वायरमन: आता तुम्ही हसताय की रडताय, ताई?

लेक: मला काय विचारता? मलाच कळत नाहीये. जा, त्यांना आत घेऊन या. बाई घाबरतील.

वायरमन: आणलं. बाई घाबरल्या नाहीत, पण आज काय शिजवत होतात म्हणून विचारत होत्या.

बाबा: मशीन दे गं. हं. झालं का समाधान?

लेक: नाही. पुन्हा एकदा.

बाबा: पुन्हा?

लेक: एकदा उठलात तो योगायोग असेल. मी दुधाने पोळलेली आहे, ताक फुंकून पिणार. झोपा.

बाबा: मिस्त्री, तुमची मुलगी मोठी झाली की तिला लांब गावी देऊन टाका. हा सल्ला फुकट.

वायरमन: मला दोन्ही मुलगे आहेत, काका.

बाबा: सुटलात.

लेक: बोलू नका, झोपा.

वायरमन: दुसऱ्यांदाही उठले, ताई. ह्या वेळी तर चकती थांबायला आणि डोळे उघडायला एकच गाठ पडली. उद्या सकाळी मी स्वतः येऊन तुमच्यासमोर खऱ्या धुराने बघतो म्हणाल तर तेही करतो. पण आज तिसऱ्यांदा उठवलंत तर काका आपल्या दोघांना घराबाहेर काढतील.

बाबा: काढीनच. मशीन घातलंय मी, ऐकतोय.

लेक: बरं. मग ऐका. शेगडीवर काही ठेवलं की आडवं व्हायचं नाही.

बाबा: नाही.

लेक: चकती गादीखालून काढायची नाही. अंगाखाली टोचते, उन्हात घालतो, पंप दुरुस्त करायला लागली, असली कारणं चालणार नाहीत.

बाबा: पंपाला नाही लागत असली चकती.

लेक: बाबा.

बाबा: नाही काढणार.

लेक: आणि त्या चालीला हात लावायचा नाही. तुम्हाला सलग चालीवर झोप छान लागते हे आता तुम्हाला कळलंय, आणि तुम्हाला यंत्र उघडता येतं. माझा जीव त्यातच अडकलाय.

बाबा: मनात आलं होतं खरं.

लेक: दिसलंच मला ते.

वायरमन: मी चाल बदलायचं बटण आतून बंद करून ठेवतो. आणि धूर झाला की तुमच्या फोनवरही निरोप येईल, ताई. समोरच्या बाईंना चालत असेल तर त्यांच्याकडेही एक घंटा जोडून देतो.

बाबा: बाईंना चालेल. दरवाजा फोडण्यापेक्षा त्यांना ते बरं. मग, कॅप्टन? कपाट उघडू की राहू दे?

लेक: राहू दे.

बाबा: म्हणजे मी इथे.

लेक: तुम्ही इथे. मला तुम्हाला न्यायचं नव्हतंच, बाबा. म्हणजे तुम्ही नकोत म्हणून नाही.

बाबा: कळतं गं मला. मीही आलो असतो, कुरकुर न करता. तुझ्या घरी वाईट काही नव्हतं. मुलं गोड आहेत. मी हसायचो त्यांच्याबरोबर.

लेक: ते हसणं मला कळायचं.

बाबा: कळायचं?

लेक: पहिल्या दिवसापासून.

बाबा: मला वाटलं जमतंय छान.

लेक: नव्हतं जमत. तुम्हाला लबाडी जमत नाही. मघाशी मशीनवर केस ओढलेत ते तरी जमलं का?

बाबा: तुझ्या आईला मात्र जमली. इतकी वर्षं माझ्यासमोर बसून शिवत होती आणि मला पत्ता नाही.

वायरमन: काका, मी आत जाऊन स्वयंपाकघरातल्या अलार्मची बॅटरी बसवून घेतो. वीज गेली तरी अडायला नको.

बाबा: बसवा. आणि येताना चहाचं आधण ठेवा शेगडीवर, साखर वरच्या फळीवर आहे. मी इथूनच लक्ष ठेवतो.

लेक: आत्ताच काय सांगितलं मी?

बाबा: अगं, मी आडवा कुठे झालोय? बसलोय.

लेक: सरका बघू जरा. मलाही बघू दे ही गादी कशी हलते ते. दादा, बॅटरी झाली की एकदा बटण दाबा, मी पडून बघते. अगदी लगेच दाबा, मला निघायचंय.

बाबा: पड. उशी घे ही.

लेक: उशी नको. एक मिनिटासाठी कशाला उशी? बाबा, रात्री फोन करायला नको ना मी?

बाबा: नको. मला ऐकू येणार नाही. सकाळी मी निरोप पाठवीन, नेहमीसारखा. पण तू वाट बघत जागी राहू नकोस. वाट बघायचं काम आता ह्या चकतीला दिलंय.

लेक: हं.

बाबा: आणि पुढच्या आठवड्यात मुलांना घेऊन ये. एकेकाला समोर बसवून बोलतो. तिथे सगळी एकदम बोलतात, म्हणून माझी पंचाईत होते. ऐकतेयस का? कॅप्टन?

वायरमन: झाली बॅटरी, काका. आधणही ठेवलंय. ताई, आता दाबू का?

बाबा: नका दाबू.

वायरमन: झोपल्या?

बाबा: पाठ टेकली आणि गेली. मुलगी कुणाची आहे?

वायरमन: मग राहू दे. बाहेरच्या खोलीतला दिवा उद्या सकाळी येऊन तपासतो. ह्यांना निघायचं होतं ना पण? उठवायचं का?

बाबा: जावयाला निरोप पाठवतो, उशीर होईल म्हणून. मुलं आणि तो मिळून करतील काहीतरी जेवायचं. चला, तुम्ही चहा घ्या, मग निघा. स्वयंपाकघरातच बसू.

वायरमन: चालेल. ही शिडी तेवढी इथून उचलून नेतो.

बाबा: राहू दे, उद्या न्या. आणि मिस्त्री, जाताना दार जरा हळू ओढा. मला नाही ऐकू येत, तिला येतं.